राम राम घालायचा नाही

गहिनीनाथाची रजा नामंजूर झाली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा, कारण त्या मंगळवारी सकाळी ती मंजूर होणार याबद्दल छावणीत कुणालाच शंका नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईनंतर नगरजवळच्या त्या छावणीत परदेशातून एक खेळाची पेटी आली होती. कपाटापेक्षा मोठी. समोरच्या काचेवर शत्रूची सावली उठायची. बंदुकीतून गोळीऐवजी उजेड सुटायचा. नेम लागला की घंटा वाजायची आणि सावली आडवी. खेळता खेळता माणूस मारायची सवय व्हावी, नव्या पोरांचे हात कापू नयेत, एवढाच हेतू.

पेटी पहिल्याच आठवड्यात जळली. सुभेदार रंगनाथांनी कर्जतच्या गहिनीनाथाला तिच्यावर मिस्त्री म्हणून नेमलं आणि पेटी पुन्हा चालू झाली. उलट शत्रू आता जास्त छान मरू लागला. कधी छाती धरून, कधी गिरकी घेऊन. खेळ चालू असताना गहिनीनाथ मात्र कुणाला दिसत नसे. मिस्त्री लोक तसेच.

सगळी पोरं तयार झाली. राहिला अकोले तालुक्यातला सहादेव.

"अरं, झाड की बंदूक एकदा!" जेवताना गहिनीनाथ त्याला म्हणाला. "मेजरसाहेबांपुढं तू शत्रू पाडलास की माझ्या रजेवर सही. परवा केडगावात माझं लगीन हाय."

"माणूस दिसला की तोंडातनं आधी राम रामच निघतो. राम राम घातल्यावर मारायचं कसं?"

"सावली हाय ती, पाव्हणा न्हाई."

"पर उभी लई अदबीनं राहती."

गहिनीनाथ उगाच खूश झाला. "मग तिच्या अदबीखातर मार."

सहादेवनं भाकरीवर हात ठेवून शब्द दिला.

दुपारी मेजरसाहेब येऊन खुर्चीत बसले. सुभेदार सहादेवच्या कानाशी लागले, "राम राम घालायचा नाही. समजलं?"

"व्हय, साहेब."

सावली उठली. सहादेवनं नेम धरला. हात कापत नव्हते. बोट घोड्यावर गेलं. मेजरसाहेब समाधानानं मान डोलवू लागले.

"राम राम!" सहादेवच्या तोंडून निघालंच.

आता राम राम कुणी का घालेना, तो घेतल्याशिवाय कर्जतच्या माणसाला राहवत नाही.

काचेमागच्या शत्रूनं हात जोडले. "राम राम, सहादेव! घरची मंडळी बरी हायेत ना? आता मार बाबा पटकन, उद्या मला हळद लागायचीय."

सहादेवनं बंदूक भिंतीला टेकवली आणि त्याला पाणी विचारलं.

संध्याकाळी सुभेदारांनी गहिनीनाथाचा अर्ज वर धाडला: 'अर्जदार हा सरकारी शत्रू असून नेमणुकीपासून रोज इमानेइतबारे मरत आला आहे. सबब, सदर शत्रूस स्वतःच्या लग्नासाठी आठ दिवस जिवंत राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'