फोरमनची झोप

“झोप लागत नाही? अरे, झोप काय पाहुणी आहे, आमंत्रण द्यायला?” फोरमन खेकसला.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातला लंबू त्याच्या दारात मान खाली घालून उभा होता. शेजारी त्याची बायको, कडेवर तान्हं पोर. रात्रपाळीत मशीनपाशी लंबूचा डोळा लागला होता. लालबुंद बाटलीवर हात पडता पडता वाचला. दिवसपाळी मागायला दोघं भरदुपारी आली होती.

फोरमनला असल्या माणसांचा तिटकारा होता. कुणी घरी जाताना उजेड नको म्हणून काळा चष्मा लावतं, कुणी खिडकीला घोंगडी टांगतं, कुणी कानात कापूस कोंबतं. नखरे नुसते! बाप्ये कसले, कापसाच्या बाहुल्या! तो स्वतः अर्धं आयुष्य रात्रपाळीत भट्टीपुढे उभा राहिला होता. सकाळी घरी यायचं, पाठ टेकायची, की घोरायला सुरुवात.

“खोली एकच आहे, साहेब,” लंबूची बायको म्हणाली. “बाळ रडलं की हे दचकून उठतात. म्हणून दिवसभर त्याला घेऊन रस्त्यानं फिरते. काल उन्हानं ताप भरला त्याला.”

“मग? माझी दोन पोरं नाही वाढली? दिवसा हूं की चूं ऐकलं नाही मी. आईला वळण लावता यायला हवं!”

फोरमनची बायको ओले हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं बाळाचं कपाळ चाचपलं.

“ऐकू कुठून येणार? पोरं घरात होती कुठे?” ती म्हणाली. “तुम्ही आलात की मी त्यांना घेऊन बाहेर. बागेत, नाहीतर दवाखान्याच्या बाकावर. तिथे पंखा तरी असायचा. धाकटीला गोवर आला तेव्हा तिला मांडीवर घेऊन जिन्यात बसले होते मी. दिवसच्या दिवस.”

फोरमननं बाळाकडे पाहिलं. ते कण्हत होतं.

“सोमवारपासून सकाळी ये,” तो लंबूकडे न बघता पुटपुटला. “आणि आधी पोराला डॉक्टरकडे ने.”

दोघं गेली. फोरमन दारातच खिळून राहिला. मग उसनं अवसान आणून म्हणाला, “एवढं सगळं झालं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?”

“सांगणार कधी?” त्याच्याकडे वळूनही न बघता ती म्हणाली. “तुम्ही झोपलेले असायचात.”