वाकडा जोड

करवतीचं पातं विमानाच्या अंगावर टेकवून उपविजेता थांबला. एकदा कापलं की माघार नव्हती. पण हे असंच ठेवलं तर चारचौघांत उस्तादाची शोभा होणार होती, आणि ती त्याला होऊ द्यायची नव्हती.

उपविजेता हे काही त्याचं नाव नव्हे. विमानांची छोटी मॉडेलं करणाऱ्यांच्या मंडळात सगळे त्याला तसं म्हणत, तेही तोंडावर. वर्षानुवर्षं प्रदर्शनात पहिला यायचा उस्ताद आणि दुसरा हा. दोघं मित्र होते. म्हणजे एकमेकांच्या घरी जात, चहा पीत आणि एकमेकांच्या विमानांत चुका शोधत. ह्याला उस्तादाच्या विमानात चूक कधी सापडली नाही. अलीकडे तर उस्तादाचं काम आणखीच नाजूक झालं होतं. माजही वाढला होता. बक्षीस घ्यायला बायकोला व्यासपीठावर पाठवायचा आणि स्वतः खाली, खिशात हात घालून उभा. उपविजेत्याला ते फार लागायचं.

मग उस्ताद वारला. काही दिवसांनी त्याची बायको एक खोका घेऊन आली.

"ह्यांचं शेवटचं. अर्धवट राहिलंय," ती म्हणाली. "तुमच्याकडेच द्या म्हणून सांगून गेलेत. उरलंय तेवढं करून द्याल का, भाऊजी?"

"हे काय विचारणं झालं, वहिनी?"

दारात चपला घालता घालता ती वळली. "पाणी लावून घासा हं. रेझिनची भुकटी छातीत जाते." नवऱ्याचं ऐकून ऐकून बायकांनाही पाठ होतं, असं मनाशी म्हणत त्यानं दार लावलं.

खोक्यात नौदलाचं लढाऊ विमान होतं, वीतभर लांबीचं. किट साधं, प्लॅस्टिकचं, एका वैमानिकाच्या विमानाचं. उस्तादाला मात्र त्याचाच दोन आसनांचा प्रकार हवा होता, ज्यात शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे बसतो. तो किटमध्ये मिळत नाही. त्यासाठी रेझिनचं ओतीव नाक वेगळं विकत आणायचं, प्लॅस्टिकच्या विमानाचं चांगलं धडधाकट नाक करवतीनं उडवायचं आणि हे नवं तिथे बसवायचं. सगळी परीक्षा त्या जोडाची. जोड दिसला की कारागीर नापास.

हा जोड खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. काप वाकडा. फट बुजवायला पुट्टी थापलेली, आणि ती घासताना आजूबाजूच्या बारीक रेषाही पुसून गेलेल्या. नाक एका अंगाला कललेलं. रंगाच्या कडा डळमळलेल्या. वाळलेल्या ग्लूत बोटाचा अख्खा ठसा. उपविजेत्यानं भिंग लावून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. इतक्या वर्षांनी सापडली एकदाची! त्या दुपारी तो दोन घास जास्तच जेवला.

संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. माणूस आजारी होता, घाईत केलं असेल. मेलेल्या मित्राच्या चुका कसल्या काढायच्या? येत्या प्रदर्शनात मंडळ उस्तादाच्या आठवणीचं एक टेबल मांडणार होतं, आणि त्यावर मधोमध हे विमान, स्पर्धेतही धरलेलं. बघणारे काय म्हणतील? उस्तादाचं नाक कापलं जाईल, आणि तेही वाकडं.

म्हणून त्यानं करवत चालवली. जोड काढून टाकला. मागचं प्लॅस्टिकचं अंग वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. तेच किट त्याच्या कपाटात होतं, आता बाजारात न मिळणारं, निवृत्तीनंतर निवांत करू म्हणून जपलेलं. ते त्यानं फोडलं. रेझिनच्या नाकावरचा सगळा रंग उतरवला, ते घासून लख्ख केलं आणि नव्या अंगाला बसवलं. मग पंख, चाकं, रंग, चिन्हं. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. नखानं चाचपलं तरी जोड लागत नव्हता. हे पहिलं येणार हे त्याला दिसत होतं, आणि येणार ते उस्तादाच्या नावावर. तरीही आपल्याला वाईट वाटत नाहीये, याचं त्याला नवल वाटलं.

वहिनी न्यायला आली तेव्हा त्यानं विमान तिच्यापुढे ठेवलं आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिला.

तिनं ते पंखाला न धरता, पोटाखाली दोन बोटं घालून अलगद उचललं. उजेडाकडे धरलं. जोड असायला हवा तिथून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"इथे होतं ते?"

"काढलं. तुम्हाला सांगणार नव्हतो, वहिनी, पण तो जोड वाकडा होता. उस्तादाच्या नावाला शोभत नव्हता. सगळं नव्यानं केलंय. कुणाला म्हणून कळायचं नाही."

"आणि जुनं? ते आहे ना?"

"ते कशाला ठेवतोय? कचऱ्याच्या गाडीत गेलं."

ती खुर्चीवर बसली. विमान तिनं टेबलावर ठेवलं, अगदी जपून. रडली नाही.

"काम सुंदर झालंय, भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांचे हात थरथरायचे. एवढ्यातली बक्षिसांची सगळी विमानं मी केली, शेजारी बसून हे नुसतं सांगायचे. हे एकच विमान म्हणाले मी स्वतः करणार, आणि मला हातसुद्धा लावू दिला नाही."