पहिला मासा नदीचा

पहाटे हिरामण भोईने जाळं ओढलं आणि सवयीने एकेक मासा पुसायला घेतला. कालव्याच्या कचेरीचे हे एकोणीस यांत्रिक मासे पाण्यातला प्राणवायू मोजत. नदीत दुसरं काही पोहत नव्हतं. अकरा वर्षं हिरामण त्यांचे काचेचे डोळे आणि पाठीवरचे हिरवे दिवे पुसून त्यांना परत सोडत होता.

विसावा मासा त्याच्या हातात वळवळला. वीतभर रोहू होता तो, जिवंत.

"पहिला मासा नदीचा," हिरामणचा बाप म्हणायचा. हंगामातला पहिला मासा घरी न्यायची रीतच नव्हती. हिरामणच्या डोक्यात काही येण्याआधीच हातांनी रोहू पाण्यात सोडून दिला. तो एकटाच हसला.

मग त्याला दहाचा भोंगा आठवला. रोज दहाला नदी बंद व्हायची आणि सगळं पाणी उसाच्या कालव्यात वळायचं.

त्याने कचेरीत फोन लावला. "मॅडम, आजच्या दिवस पाणी नदीत राहू द्या."

"काका, ऊस करपतोय. कालव्याच्या पाण्याची पाळी कशी मोडू? आणि आपल्या माशांना गाळात काही होत नाही."

"एकाला होतंय."

"बिघडलाय का? राहू द्या, नवा पाठवते."

भोंगा वाजला. बघता बघता पात्र उघडं पडलं. हिरामणने आपल्या पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि तो गुडघाभर गाळात उतरला. लांबवर एकोणीस हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याला शोधायचा होता तो, ज्याला दिवा नव्हता.