आडवा ब्लश

थोरल्या भावाने ओळखपत्र मेकअपवालीच्या नाकासमोर धरलं. त्याच्या अंगठ्याचं तेल त्यावरच्या फोटोला लागत होतं, पण त्याला त्याचं काही नव्हतं.

"असे दिसले पाहिजेत," तो म्हणाला. "हुबेहूब."

फोटोत वाटोळ्या चेहऱ्याचा, भरल्या गालांचा गृहस्थ होता. समोर खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा लांबट होता, तोंडाचं बोळकं झालेलं आणि गालांच्या जागी खड्डे. हनुवटीवर दूध वाळून पापुद्रा धरला होता. तो पुसावा असं घरात कुणाला सुचलं नव्हतं. मेकअपवालीला किळस आली. म्हाताऱ्याची नाही, त्या दोघा भावांची.

फोनवर तिला वाढदिवसाच्या फोटोसाठी बोलावलं होतं. खरा प्रकार इथे आल्यावर कळला. घर विकायचं होतं आणि ते वडिलांच्या नावावर होतं. आजारी माणसाला कचेरीत नेणार कसं, म्हणून नोंदणीचे साहेब साडेअकराला घरीच यायचे होते. चेहरा फोटोशी जुळला, वडिलांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं आणि सही केली, की झालं. नाही जुळला तर साहेब शेरा मारून निघून जाणार, मग सगळंच मुसळ केरात. हे सगळं धाकट्याने दात कोरत सांगितलं.

"आजारपणाने फारच उतरलेत," थोरली सून मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

हनुवटी पुसायला मेकअपवालीने स्वच्छ कापड मागितलं. सुनेने जे दिलं, त्याने आधी ओटा पुसलेला होता. तिने ते दोन बोटांत धरून बाजूला टाकलं आणि स्वतःचा रुमाल भिजवला.

"मोरी कुठेशी आहे?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"यांना जरा नेऊन आण रे," थोरला धाकट्याला म्हणाला.

यांना. आल्यापासून एकाच्याही तोंडून तिने बाबा हा शब्द ऐकला नव्हता. जन्म गेला त्या घरात मोरी कुठे आहे हे माणसाला आठवू नये, आणि त्याच्या मुलांना त्याचं काहीच वाटू नये? बाहेरून चूळ भरल्याचा आवाज आला. तिने पेटीचं झाकण लावलं आणि थोरल्याला सांगितलं की, तिला हे जमायचं नाही, त्यांनी दुसरी कुणीतरी बघावी. थोरल्याने आवाज चढवला. तिनेही चढवला.

तेवढ्यात म्हातारा परत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"करा, बाई. नीट करा. मला संध्याकाळपर्यंत घरी जायचंय."

तिची आईही शेवटी शेवटी असंच म्हणायची. स्वतःच्याच पलंगावर बसून, स्वतःचीच पिशवी कवटाळून, मला घरी सोडा गं म्हणायची. आज काम फसलं तर हे दोघे म्हाताऱ्यावर कसा राग काढतील, ते सांगायला ज्योतिषी नको होता. तिने पेटी पुन्हा उघडली, ती निव्वळ त्याच्यासाठी.

हातातल्या कामात ती वाकबगार होती. गोल चेहऱ्याला ब्लश तिरका लावायचा, गालाच्या हाडावरून कानशिलाकडे चढता, म्हणजे चेहरा निमुळता दिसतो. लांबट चेहऱ्याला आडवा, गालाच्या मधून सरळ कानाकडे, म्हणजे रुंदी येते. वीस वर्षं तिने गोल नवरींना लांबट आणि लांबट नवरींना गोल करून दिलं होतं. आहे त्या चेहऱ्यावर खूश असलेली नवरी तिला अजून भेटायची होती.

गालांच्या खड्ड्यांत तिने फिका रंग भरला. कपाळाच्या कडेला आणि हनुवटीखाली गडद छटा देऊन चेहऱ्याची उंची कमी केली. मग ब्लश घेतला आणि आडवा, अगदी कानापर्यंत ओढला. दात गेले की चेहरा आखूड होतो, याचा उलट लांबला कसा, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण थोरला नेमका तेव्हाच तिच्या कानाशी ढेकर देऊन "झालं का?" म्हणाला आणि त्या वासाने तिला दुसरं काही सुचेना.

साहेब वेळेवर आले. त्यांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. नाव विचारलं, पत्ता विचारला. मोरी विसरलेल्या म्हाताऱ्याने दोन्ही शाळेतल्या मुलासारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

"आजोबा, घर स्वखुशीने विकताय ना?"

"हो," म्हातारा म्हणाला आणि त्याने सही केली.

"चेहरा आहे तस्साच आहे की तुमचा," साहेब हसून म्हणाले.

तिला अभिमान वाटला. लगेच त्या अभिमानाचीही शिसारी आली. साहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळली तसे भाऊ एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. थोरल्याने तिच्यापुढेही हात केला. तिने तो घेतला नाही.

तिला ब्रश धुवायचे होते. त्या घराचं काही पेटीत घालून न्यायची तिची तयारी नव्हती. स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांवर बुळबुळीत साय धरली होती, म्हणून मोरी शोधत ती बोळातून आत गेली. शेवटच्या दाराला बाहेरून कडी होती.

"तिकडे नको, तिथे अडगळ आहे," सून मागून ओरडली. तोवर तिने कडी काढली होती.

आत मुताचा कोंदट वास होता. खाटेवर एक म्हातारा पडून होता. चेहरा वाटोळा, गाल भरलेले. त्याने मान कशीबशी तिच्याकडे वळवली.

"साहेब आले वाटतं," तो म्हणाला. "बाई, तेवढं सांगा त्यांना. काही झालं तरी मी सही करणार नाही."