यादीतलं सातवं नाव

‘मी तर येशूला तवाच सोडलं की, ताई,’ धार काढता काढता सीताबाई म्हणाली. ‘अठराव्या दिशी.’

सुवार्ता गोठ्याच्या दारात उभी होती. हातात आईची, बाळाबाई सिस्टरांची, वही होती. कोल्हापूरहून राधानगरीची एसटी, पुढं तीन किलोमीटर उसाच्या ट्रॉल्या चुकवत पायी, एवढं करून ती एकच निरोप द्यायला आली होती. नऊ वर्षं तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या बाळाबाई सिस्टर गेल्या महिन्यात वारल्या. वहीतल्या बाकीच्यांना तिनं पत्रं टाकली होती. सीताबाईला वाचता येत नव्हतं.

वहीत एकवीस नावं होती. ख्रिस्ती झाले म्हणून कुणाचं घर जाळलं होतं, कुणाला गावानं वाळीत टाकलं होतं, कुणी तुरुंगात होतं. दर बुधवारी चर्चच्या महिला मंडळात आई ही यादी वाचायची. बायका चटईवर बसून डोळे मिटायच्या. सातवं नाव, सीताबाईचं, आलं की आई एकटी गुडघ्यांवर यायची. फक्त त्याच नावाला. गुडघ्याच्या वाट्या झिजल्या होत्या, डॉक्टरांनी खाली बसायलाही बंदी केली होती. सुवार्ता चिडायची. शेवटच्या आठवड्यात आईला कूसही बदलता येत नव्हती. तेव्हाही घरी यादी वाचताना सातव्या नावाला तिनं खुणेनं सांगितलं, पाय दुमड. सुवार्तानं ते दुमडून धरून ठेवले, आमेन होईपर्यंत.

दफनानंतरच्या रविवारी सुवार्तानं डोळे मिटले आणि आईचंच नाव ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. त्यांच्या चर्चच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेल्याचा निवाडा देवाकडं. मागणं मागायचं ते जिवंतांसाठी. येत्या बुधवारी यादी तिलाच वाचायची होती.

सीताबाई काही लपवत नव्हती. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, ती मिशनच्या दवाखान्यात, तिथल्या नर्स बाळाबाई सिस्टरांमुळं. प्रार्थना करायला तिथंच शिकली. पुढं नवरा गेला, तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि गावात कळलं. दूध संस्थेनं तिचं दूध घ्यायचं बंद केलं. गिरणीवाल्यानं दळण परत दिलं. घरात दोन पोरं, गोठ्यात दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ भरलेली किटली ती तशीच परत आणायची आणि गोठ्यामागं ओतायची.

‘म्हशीनं काय धरम बदलला न्हवता,’ ती म्हणाली, ‘पर दूध तिचंबी बाटलं.’

अठराव्या दिवशी तिनं देवळात जाऊन नारळ फोडला. एकोणिसाव्या दिवशी संस्थेत तिचं दूध मापून घेतलं.

अठरा दिवस. सुवार्ताला आईचे दुमडलेले पाय आठवले. मंडळाच्या अध्यक्ष आक्का नेहमी सांगायच्या, जे टिकले त्यांचीच नावं ठेवा, पडलेल्यांची काढून टाका, नाहीतर यादीला अर्थ काय. सुवार्तानं पर्समधून पेन काढलं आणि वही दाराच्या चौकटीवर टेकवली.

‘काय लिवताय?’

‘नाव काढते. तुम्हाला आता त्याची गरज नाही.’ बोलणं ठरवलं त्यापेक्षा कडू निघालं.

‘काढा की.’ सीताबाईनं मान वर केली नाही. ‘मीबी शिष्टरास्नी तेच म्हनायचे. दर नाताळाला यायच्या, पोरास्नी कापडं घिऊन. म्हनायच्या, तुझं नाव मला काढाय येत न्हाई.’

पेन थांबलं. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. नऊ वर्षं ती बायकांसमोर हे नाव वाचत राहिली, आणि कुणाला एका शब्दानं बोलली नाही. सुवार्तानं विचारलं, आईला कधी कळलं?

सीताबाईनं बादली बाजूला ठेवली. हात पदराला पुसले.

‘कळायचं काय त्यात? सतराव्या दिशी हितंच हुत्या की, तुमी हुब्या हाय तितं. संगट आलेल्या बायास्नी येष्टीला म्होरं धाडलं. माझं धाकटं तापानं फणफणलं हुतं. मी म्हनलं, शिष्टर, पोरं मेली तरी न्हाई सोडायची मी. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हनल्या, “जा. उद्या नारळ फोड. पोरं जगव. वर त्यानं इचारलं, तर जाब मी देईन.”’

म्हशीनं शेपटी झटकली. सुवार्तानं पेनाला टोपण लावलं.

बुधवारी चटया अंथरून झाल्यावर आक्कांनी विचारलं, यादीतले सगळे टिकून आहेत ना. सुवार्तानं वही उघडली. तिनं सहा नावं वाचली. बायकांनी सहा वेळा आमेन म्हटलं. मग ती थांबली, इतकी की दोघीतिघींनी डोळे उघडून पाहिलं.

ओठांवर पुन्हा आईचंच नाव आलं होतं. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते. तिनं सीताबाईचं नाव वाचलं, आणि गुडघे टेकले.