जुन्या रेडिओतलं नवं संगीत

बी.एस्सी. करणाऱ्या गुणवंता नावाच्या पोराने जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून एक यंत्र बनवलं. बटण फिरवलं की त्यातून चढत जाणारा एक लांबलचक सूर निघायचा. उद्याचं संगीत हेच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. अकोल्याला मात्र होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भावगीतवाल्या पोरींना वन्स मोअर मिळाले आणि गुणवंताला नुसती हुर्यो.

"हे संगीत होय? कुत्रं रडून राहिलं असं वाटते," त्याचे वडील देवराव म्हणाले. ते घरासमोरच्याच जिनिंग फॅक्टरीत कापूस वाहायचे.

गुणवंता इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्याने छतावर कर्णा बांधला आणि तोच सूर पुऱ्या ताकदीने सोडला. फॅक्टरीतल्या लोकांना वाटलं, सहाच्या सुटीचा भोंगा झाला. मॅनेजर घड्याळ बघेपर्यंत सगळे घरी पोचले होते.

देवरावांनी यंत्राकडे नुसतं टक लावून पाहिलं. आता हे फोडतात, म्हणून गुणवंताने ते पलंगाखाली दडवलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास फॅक्टरीच्या फाटकाआड शंभरेक मजूर हातात डबे घेऊन छताकडे बघत उभे होते. सगळ्यात पुढे देवराव.



"वाजव नं रे गुणवंता! वन्स मोअर!"