इतर औषधे: नाहीत

माणसाने एक वेळ देवापासून लपवावं, पण डॉक्टरपासून लपवू नये, हे कंपाउंडरसाहेब दवाखान्याच्या खिडकीतून चाळीस वर्षं गर्जून सांगत आले होते. आत्ता ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवे होते, आणि फॉर्मवर ‘इतर औषधे’ या शब्दांपुढे त्यांनीच वळणदार अक्षरात ‘नाहीत’ असं लिहिलं होतं.

हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ती त्यांनी वरच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिली. गुडघ्यांच्या कॅप्सूल लिहिल्या नाहीत. बाटलीवर ‘औषध नव्हे, पूरक आहार’ असं छापलं होतं, आणि छापील मजकुरावर साहेबांचा पहिल्यापासून विश्वास. घरच्या डॉक्टरांनी मात्र चार महिन्यांपूर्वी नवरा-बायको दोघांसमोर बजावलं होतं, “त्या गोळीबरोबर या कॅप्सूल नकोत. कुठे जखम झाली तर रक्त थांबायचं नाही.” तेव्हापासून बाटली बुटांच्या खोक्यात राहत होती.

गेल्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट उत्तम आला. त्या आनंदात साहेबांनी रोजच्या दोन कॅप्सूलच्या चार केल्या.

जबडा बधिर झाला. डॉक्टरीणबाईंनी चिमटा उचलला. साहेबांना एक जुना पेशंट आठवला. असाच दात काढून घरी गेलेला, आणि तासाभरात लाल झालेला टॉवेल तोंडाशी धरून परत आलेला. कोपऱ्यात बायको निवांत शब्दकोडं सोडवत होती. इथे नवऱ्याच्या जिवावर बेतलंय आणि हिला उभे-आडवे शब्द सुचतायत!

चिमटा दाताला टेकला. साहेबांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं.

“थांब, पोरी.” अर्धी जीभ जागेवर नव्हती. “मी गुडघ्यांच्या कॅप्सूल घेतो. रोज चार.”

“काका!” चिमटा खणकन ट्रेमध्ये पडला. “मग फॉर्मवर हे काय लिहिलंय? मी दात उपटला असता म्हणजे? काकूंना तरी माहीत आहे का?”

“तिला कशाला सांगू? ती घेऊ देईल होय?”

“बुटांच्या खोक्यातल्या ना?” बायकोने कोड्यातून मान वर केली नाही. “काढ गं तू दात. त्यात कणीक आहे.”

डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

“चार महिने झाले,” ती म्हणाली. “बाटली आणली की एकेक कॅप्सूल उघडायची, आतली पूड बेसिनमध्ये, कणीक आत. सांगून ऐकणारा माणूस असता तर कशाला केला असता एवढा उपद्व्याप?”

साहेब उठून बसले. या चार महिन्यांत ते तीन मजले न थांबता चढले होते. बागेतल्या समस्त सांधेदुखीवाल्यांपुढे उठाबशा काढून दाखवल्या होत्या, कॅप्सूलचा गुण म्हणून. ते बायकोकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोने पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

“रागावलात?”

साहेब बधिर गाल हाताने सावरत, खालच्या आवाजात म्हणाले,

“डावा गुडघा अजून धरतो. उद्यापासून जरा दाबून भरत जा.”